ट्वेंटमधले तात्पुरते कोर्ट

लायडन

माझी मुलगी शर्वरी लायडनच्या विद्यापीठात संशोधन करते. दुसऱ्या महायुद्धानंतर जेत्या राष्ट्रांच्या लष्करी न्यायालयांनी शत्रूच्या सैनिकांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवले. ते चालवण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, हा तिचा विषय. सांगलीत कोणी विचारले तर मी 'कायद्यात पीएचडी झाली, आता तिथेच काम करते' एवढेच सांगते. त्यापुढे कोणी विचारत नाही.

निवृत्त होईपर्यंत मी एका दैनिकासाठी जिल्हा न्यायालयाची बातमीदारी केली. त्यामुळे तिचा विषय मला बऱ्यापैकी कळतो. ती त्यासाठी इतक्या लांब का राहते, हे कमी कळते.

यंदा एप्रिलच्या शेवटी तिच्याकडे जाण्याला एक कारण होते. तिचे कॉन्ट्रॅक्ट संपत आले होते. लायडनने कायमची जागा देऊ केली होती आणि पुण्याच्या एका लॉ कॉलेजातही जागा होती. दोन्हीकडे मेच्या मध्यापर्यंत कळवायचे होते. हिवाळ्यात फोनवर तिने विचारले होते, "आई, मी परत येऊ का?" मी म्हणाले होते, "माझ्यासाठी नको येऊस. तुझं तू ठरव." ती 'बरं' म्हणाली आणि विषय तिथेच राहिला. मला ती परत यायला हवी होती. हे मी तिला सांगितले नव्हते.

लायडन हे कालव्यांचे, विटांचे आणि सायकलींचे गाव आहे. इतर प्रवाशांनी त्याचे वर्णन पुरेसे केले असल्याने मी दोनच नोंदी करते. एक, इथल्या घरांच्या मोठ्या खिडक्यांना संध्याकाळीही पडदे ओढत नाहीत. सहाच्या सुमारास रस्त्याने चालले की घराघरात जेवायला बसलेली माणसे दिसतात, आणि आत पाहणारा परका आहे याचे कोणाला काही वाटत नाही. दोन, लाल रंगाचा रस्ता सायकलींचा असतो. हे मला दुसऱ्या दिवशी कळले. सायकलच्या पुढच्या खोक्यात दोन मुले बसवलेली एक बाई घंटी वाजवत माझ्या कोपराला घासून गेली आणि ब्रेक न लावता 'सॉरी' म्हणाली.

शर्वरीचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना इतका उभा की तो चढताना पुढच्या पायरीला हात लावावासा वाटतो. दुपारी ती पावाचे दोन तुकडे आणि चीज उभ्यानेच खाते. मी आल्यावर पोळी-भाजी होऊ लागली. ती दोन पोळ्या खायची. तिसरीला 'नको' म्हणायची, आणि मी वाढली की खायची. निदान पहिले दोन दिवस असे झाले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आई, नको म्हटलं ना." आवाज शांत होता. पोळी डब्यात परत गेली.

त्या आठवड्यात तिला देशाच्या पूर्वेकडे, जर्मनीच्या सीमेजवळच्या ट्वेंट भागात जायचे होते. हिवाळ्यात तिथल्या एका वाचनालयात तिचे व्याख्यान झाले होते. शेवटी मागच्या रांगेतून एक वृद्ध उठले आणि त्यांनी विचारले, "युद्ध संपल्यावर आमच्या गावात इंग्रजांचं कोर्ट बसलं होतं. ते कोर्ट खरं होतं का?" वाचनालय बंद व्हायची वेळ झाली होती. घरी येऊन सविस्तर उत्तर देईन, असे शर्वरीने कबूल केले होते. या देशात कोणाच्या घरी जायलाही दिवस आणि वेळ ठरवावी लागते. ही वेळ मार्चमध्येच ठरली होती.

"तू पण चल," ती म्हणाली. "तुला कोर्टाचं वेड आहेच."

स्लोटरडाइक

आदल्या रविवारी आम्ही आम्स्टरडॅमच्या स्लोटरडाइक भागात ओंकारकडे जेवायला गेलो. ओंकार शर्वरीचा पुण्यातला कॉलेजमित्र. स्टेशनला लागून काचेच्या इमारती आहेत, त्यातल्या एकीत तो सॉफ्टवेअरचे काम करतो. बायको नेहाही त्याच क्षेत्रात आहे. मुलगी ईरा पाच वर्षांची. मराठी सगळे समजते, उत्तर डचमध्ये देते.

ओंकारला शर्वरीच्या विषयाची थट्टा करण्याचा जुना परवाना आहे. पुऱ्या तळता तळता त्याने विचारले, "काय गं, तुझ्या त्या कोर्टांना निदान जीआर तरी होता का?"

"जीआरच होता," शर्वरी म्हणाली. "कायदा नव्हता."

तिने जे सांगितले ते वाचकांसाठी थोडक्यात देते, कारण पुढे ते लागणार आहे. ब्रिटिश लष्करी न्यायालये संसदेच्या कायद्याने उभी राहिली नव्हती. युद्ध संपल्यावर राजाच्या नावाने एक आज्ञा निघाली. न्यायालय कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने बोलवायचे, त्यावर कमीत कमी किती अधिकारी बसायचे, पुरावा कोणता चालेल, हे सगळे त्या आज्ञेत होते. नेहमीच्या कोर्टात चालत नाही असा ऐकीव पुरावाही तिथे चालत असे. निकालावर वरच्या कोर्टात अपील नव्हते, फक्त अर्ज करता येई. वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्याने शिक्कामोर्तब केल्याशिवाय शिक्षा लागू होत नसे. पण आज्ञेने फक्त यंत्रणा उभी केली. गुन्हा कोणता, हे युद्धाच्या जुन्या रूढींवरून ठरत होते. पकडलेल्या शत्रूने त्या मोडल्या असतील तर त्याच्यावर खटला चालवता येतो, ही रूढी राजाच्या आज्ञेपेक्षा जुनी.

"म्हणजे जिंकणाऱ्यानं हरणाऱ्यावर चालवायचा," ओंकार म्हणाला.

"हो. तो आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे."

मी माझी माहिती जोडली. याच आज्ञेखाली सिंगापुरातही कोर्टे बसली. जपान्यांच्या कैदेत मेलेल्या हिंदी सैनिकांच्या छळाचे खटले तिथे चालले आणि काही पीठांवर हिंदी अधिकारीही होते. त्याच सुमारास दिल्लीत लाल किल्ल्यात राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याबद्दल हिंदी अधिकाऱ्यांवर लष्करी खटला चालला होता. राजा तोच.

"काकू, तुम्ही पीएचडी करा," ओंकार म्हणाला. "हिला परत पाठवा सांगलीला."

सगळे हसले. शर्वरी हसत ताटाकडे पाहत होती.

जेवताना नेहाने ईराला आणखी पुरी हवी का विचारले. ईराने डचमध्ये 'नको' म्हटले. नेहाने लगेच ताट उचलून सिंकमध्ये ठेवले. सांगलीत त्या वयाच्या मुलाच्या ताटात 'एवढी एकच' म्हणून पुरी पडली असती. नेहाने माझी नजर ओळखली असावी. "शाळेत शिकवतात, काकू," ती म्हणाली. "नको म्हटलं की समोरच्यानं थांबायचं."

ट्वेंट

गावाचे नाव देत नाही, तशी विनंती होती. स्टेशनवर गाडी घेऊन आलेल्या गृहस्थांचे आडनाव वेसलिंक. वय ऐंशीच्या बरेच पुढे, उंच, किंचित वाकलेले, कानावर यंत्र. शर्वरी त्यांना 'हेर्मन' म्हणून हाक मारते. माझ्या वडिलांपेक्षा थोडेच लहान असलेल्या माणसाला ती नावाने हाक मारताना ऐकून मी दोनदा तिच्याकडे पाहिले. त्यांना इंग्रजी जेमतेम येते. ते डचमध्ये बोलत आणि शर्वरी मला मराठीत सांगत असे. पुढे त्यांच्या तोंडी जे येते ते शर्वरीच्या मराठीतून आलेले आहे.

प्रदेश सपाट आहे, पण पश्चिमेसारखा मोकळा नाही. शेतांच्या कडेने ओकची झाडे, मधेमधे जंगलाचे तुकडे, उतरत्या छपरांची मोठी घरे. वेसलिंकांच्या घरात एकेकाळी एकाच छपराखाली माणसे आणि गाई राहत. गाई विकल्या. गोठ्याच्या जागी आता लाकूड रचलेले आहे आणि त्याच्या वर माळा आहे.

येताना त्यांनी चौकातल्या एका कॅफेसमोर गाडी हळू केली. कोर्ट मागच्या हॉलमध्ये बसले होते, असे त्यांनी सांगितले. पुढे त्यांचे लग्नही त्याच हॉलमध्ये झाले. गावात हॉल एकच.

प्रकरण असे. त्यांचा थोरला भाऊ खेरिट विशीत होता. जर्मनीत सक्तीच्या मजुरीला न जाता तो लपून राहिला. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात तो घरी आला आणि गोठ्यावरच्या माळ्यावर राहू लागला. काही आठवड्यांनी विमान पडल्यामुळे वाट चुकलेला एक इंग्रज वैमानिक त्याच माळ्यावर आला. वसंतात जर्मन तुकडीने दोघांनाही पकडले आणि जवळच्या जंगलात नेऊन गोळ्या घातल्या. वेसलिंक तेव्हा शाळेत नुकतेच जाऊ लागले होते. गोळ्यांचा आवाज त्यांना आठवतो. पण तो आठवतो की नंतर ऐकलेल्यातून तयार झाला, याची खात्री देता येत नाही, असे त्यांनी आपणहून सांगितले. साक्षीदार म्हणून ते मला पहिल्या मिनिटापासून पटले.

मृतांत इंग्रज सैनिक असल्यामुळे ब्रिटिश लष्करी न्यायालय बसले. वडील रोज जाऊन बसत. आरोपींसाठी इंग्रजीचे जर्मन होत होते आणि सीमेजवळच्या माणसांना जर्मन कळते. पहिल्याच दिवशी आरोपींचा वकील म्हणाला, या न्यायालयाला अधिकार नाही. इंग्लंडच्या राजाने डच भूमीवर जर्मन सैनिकांचा न्याय करावा, असे कोणत्या कायद्यात आहे? अधिकाऱ्यांनी आपापसात थोडे बोलून आक्षेप फेटाळला. वडिलांनी घरी येऊन जेवणाच्या टेबलावर हे सगळे सांगितले.

"म्हणून विचारतो," वेसलिंक म्हणाले. "तो वकील बरोबर होता का?"

शर्वरीने तासभर उत्तर दिले. युद्धाची रूढी, राजाची आज्ञा, परतलेल्या डच सरकारची संमती असे तीन आधार तिने सांगितले. मग त्यांतल्या फटीही तेवढ्याच निष्ठेने सांगितल्या. अपील नव्हते, न्यायाधीश लष्करी होते, जेत्यांचे गुन्हे कोणी तपासले नाहीत, अभ्यासकांत एकमत नाही. मला तिचा अभिमान वाटत होता. वेसलिंक मात्र ऐकता ऐकता खुर्चीत मागे सरकत गेले.

"म्हणजे नक्की सांगता येत नाही," ते म्हणाले.

"पूर्ण नक्की नाही," शर्वरी म्हणाली.

त्यांनी मान हलवली आणि कॉफी आणली. कपाबरोबर बिस्किटांचा पत्र्याचा डबा आला. प्रत्येकाने एक घेतले आणि डबा बंद झाला. मी सांगलीचे भडंग नेले होते. त्यांनी दोन बोटांत थोडे उचलून खाल्ले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते फार गंभीरपणे म्हणाले की हे मनोरंजक आहे. शर्वरी खिडकीबाहेर पाहू लागली. डच माणूस जेवणाला मनोरंजक म्हणतो तेव्हा काय समजायचे, हे तिने मला नंतर सांगितले.

त्यांच्या संडासात, दाराच्या आतल्या बाजूला, वाढदिवसांचे कॅलेंडर टांगलेले होते. इथे ते बहुतेक घरांत याच जागी असते. त्यावर वार नसतात, त्यामुळे तेच कॅलेंडर वर्षानुवर्षे चालते. माणूस गेला की नावापुढे बारीक क्रूस काढतात. बरीच नावे क्रूसाची होती. नोव्हेंबरच्या पानावर खेरिटचे नाव होते. त्यापुढे क्रूस नव्हता.

मी परत आले तेव्हा वेसलिंकांनी दुसरा कप विचारला. मी 'नको, नको' म्हटले आणि कप थोडा पुढे सरकवून बसले. किटली परत गेली.

निघायच्या आधी त्यांनी आणखी एक विचारले. मेच्या चार तारखेला, युद्धातल्या मृतांच्या स्मरणदिनी, गाव जंगलातल्या दगडापर्यंत चालत जाते. मला यायला आवडेल का? वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या आहेत, राहता येईल. मला फार जायचे होते. मी म्हणाले, "नको, उगीच तुम्हाला त्रास." शर्वरीने ते भाषांतरित केले. ते 'ठीक आहे' म्हणाले आणि गाडीची किल्ली शोधू लागले.

परतीची गाडी

डब्यात आम्ही समोरासमोर बसलो. मी म्हणाले, एकदा तरी पुन्हा विचारतील असे वाटले होते.

"का विचारतील? तू नको म्हणालीस."

"तसं म्हणतात गं. लगेच हो कसं म्हणायचं?"

"आई, इथे नको म्हणजे नको. पुन्हा विचारलं तर त्यांना वाटेल, ते तुझ्यावर जबरदस्ती करतायत." मग ती हसली. "पहिल्या वर्षी मी उपाशी राहिलेय या देशात. लोकांकडे जायचं, जेवणार का विचारलं की नको म्हणायचं, आणि समोर बसून त्यांचं जेवण बघायचं."

"मग?"

"मग शिकले. एकदाच विचारतात. हवं तर हो म्हणायचं. बरं असतं ते. कोणाच्या मनात काय आहे याचा अंदाज करत बसायला नको."

बाहेर सपाट हिरवा प्रदेश मागे जात होता. मला हिवाळ्यातला फोन आठवला. तिने एकदाच विचारले होते.

जंगल

दोन दिवसांनी मी शर्वरीला वेसलिंकांना फोन करायला सांगितला. मला यायचे आहे, एवढेच सांग, म्हटले. पलीकडून ते काय म्हणाले ते मला कळले नाही, पण शर्वरी बराच वेळ काहीतरी समजावत होती आणि मधेच हसली. फोन ठेवून म्हणाली, "त्यांनी विचारलं, सांगलीत किती वेळा विचारायची पद्धत आहे. मी म्हटलं, दोनदा. तीनदा विचारलं तर चांगल्या घरचे."

चार मेला दुपारी पोचलो. गावातले झेंडे अर्ध्यावर होते. वेसलिंकांनी कॉफी विचारली. मी 'हो' म्हटले. ते थोडे थांबले आणि त्यांनी पुन्हा विचारले. मी पुन्हा 'हो' म्हटले. स्वतःच्या विनोदावर खूश होऊन ते स्वयंपाकघरात गेले. उरलेले भडंग त्यांनी शेजाऱ्याला दिले होते. शेजारी दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही, असे त्यांनी तिथूनच सांगितले.

संध्याकाळी चर्चपासून लोक निघाले. शंभर-दीडशे असावेत. घोषणा नाहीत, गाणे नाही, कुजबुजही नाही. आपल्याकडे शोकसभेतही कोणीतरी सूचना देत असतो. इथे गुरे हाकतात तेवढ्या संथ चालीने सगळे रस्ता उतरून जंगलात शिरले. मेमध्ये आठ वाजता इथे लख्ख उजेड असतो. झाडांमध्ये कमरेएवढा एक दगड होता आणि त्यावर दोन नावे. आधी इंग्रजाचे, मग खेरिटचे. एका मुलीने ट्रम्पेट वाजवला आणि दोन मिनिटे सगळे थांबले. पारवे घुमत होते. कोणाच्या तरी कुत्र्याने साखळी ओढली. मग राष्ट्रगीत झाले, फुले ठेवली गेली, आणि लोक कॅफेच्या हॉलकडे परतले. स्मरणदिनाची कॉफी तिथेच असते.

वेसलिंक निघाले नाहीत. आम्हीही थांबलो. दगडाकडे पाहत त्यांनी बोलायला सुरुवात केली, आणि शर्वरी हळू आवाजात वाक्यामागून वाक्य मराठीत आणत गेली.

खेरिट आधी लांब उत्तरेला, पोल्डरमधल्या, म्हणजे पाणी हटवून काढलेल्या जमिनीवरच्या, एका शेतावर लपला होता. तिथे धोका नव्हता. खायला होते. शेतमालक भला होता. आईला राहवेना. तिने एका फेरीवाल्याबरोबर निरोप पाठवला, घरी ये. खेरिटने उलट निरोप पाठवून विचारले, खरंच येऊ का? तिने पुन्हा सांगितले, ये. तो आला.

"आई म्हणायची, मी त्याला मारलं," वेसलिंक म्हणाले. "बाबा म्हणायचे, कुणी मारलं ते कोर्टानं सांगितलंय. आई म्हणायची, त्या कोर्टाला अधिकार नव्हता, तुम्हीच नाही का सांगितलंत?"

इथे शर्वरी थांबली. पुढचे वाक्य तिने डचमध्ये पुन्हा विचारून घेतले.

"ती गेली तोवर हेच चाललं. मी मोठा झालो, लग्न केलं, पलीकडच्या गावात राहायला गेलो, आमच्या घरात परतलो ते ती गेल्यावरच. रविवारी यायचो. निघताना तिनं मला कधी थांब म्हटलं नाही. पुन्हा कधी येशील, असंही विचारलं नाही. दारात उभी राहायची फक्त."

मग शर्वरी त्यांच्याशी थेट डचमध्ये बोलू लागली. मला तिने ते नंतर सांगितले. लायडनहून निघण्यापूर्वी तिने या खटल्याचा छापील अहवाल पुन्हा वाचला होता. वकिलाने अधिकारावर आक्षेप घेतला, हे खरे. पण गोळ्या आरोपींनी झाडल्या, हे त्याने एकदाही नाकारले नाही. आरोपींनीही नाकारले नाही. वरून हुकूम होता, एवढाच त्यांचा बचाव होता. त्या अधिकाऱ्यांना शिक्षा देण्याचा हक्क होता की नाही, यावर ती आणि तिच्यासारखे लोक अजून शंभर वर्षे भांडतील. कोणी मारले यावर त्या हॉलमध्ये कोणाचेही दुमत नव्हते.

"कोर्ट रद्द झालं तरी तेवढं उरतं," ती म्हणाली. "तुमच्या आईनं बोलावलं. मारलं त्यांनी."

वेसलिंकांनी कानाचे यंत्र नीट केले आणि तिला ते पुन्हा म्हणायला सांगितले. तिने म्हटले. ते दगडाजवळ गेले, वर पडलेले एक पान बाजूला केले आणि टोपी डोक्यावर ठेवली.

"हे बाबांना सुचायला हवं होतं," ते म्हणाले. "चला. कॉफी गार होईल."

पाच तारखेला सकाळी झेंडे पूर्ण वर चढले होते. तो मुक्तिदिन. वेसलिंकांनी आम्हाला स्टेशनवर सोडले, माझ्याशी हात मिळवला आणि मागे न पाहता गाडी वळवली. प्लॅटफॉर्मवर आम्ही दोघीच होतो.

काल ऐकलेल्या गोष्टीनंतर गप्प राहणे सोपे होते. त्या बाईने बोलावले आणि मुलगा गेला. मग तिने कोणालाच बोलावले नाही, आणि दुसरा मुलगा जिवंत असून आयुष्यभर दारातल्या तिच्याकडे पाहत राहिला. दोन्हींपैकी कोणते जास्त वाईट, हे मला ठरवता येईना. शेवटी मी एवढेच ठरवले की इच्छा सांगावी आणि निर्णय सांगू नये.

"हिवाळ्यात तू विचारलं होतंस, परत येऊ का," मी म्हणाले. "मी नको म्हटलं."

"हो."

"ते तसं नको नव्हतं."

तिने खांद्यावरची पिशवी काढून हातात घेतली.

"मला तू परत यायला हवी होतीस. अजूनही हवी आहेस. ये असं सांगायचा अधिकार मला नाही, आणि सांगतही नाहीये. पण हवी आहेस, हे तुला माहीत असावं."

शर्वरीने पिशवी बाकावर ठेवली. "आई, मी सही केली," ती म्हणाली. "लायडनला. तू यायच्या आधीच. समोरासमोर सांगायचं म्हणून थांबले होते, आणि मग रोज वाटायचं, आज नको."

"बरं."

"मला वाटलं, तुला चालणार आहे. तू एकदा म्हणालीस, मी धरून चालले." तिचा आवाज बदलला. "पुन्हा का नाही सांगितलंस?"

"तू पुन्हा विचारलं नाहीस."

ती हसली, आणि हसता हसता तिने तोंड फिरवले. गाडी आली. डब्यात ती समोर न बसता माझ्या शेजारी बसली. मी पिशवीतून लायडनहून करून आणलेले थालीपीठ काढले आणि अर्धे तिच्यापुढे धरले. ती 'नको' म्हणाली. मी हात तसाच ठेवला. तिने घेतले.

सांगली

परत येऊन दोन महिने झाले. लिहायला बसले तेव्हा बाहेर हळदीच्या पोत्यांचे ट्रक चालले होते आणि त्यांची धूळ खिडकीच्या कठड्यावर पिवळी साचली होती. शर्वरीची नवी जागा सुरू झाली आहे. घर बदलले आहे, जिना जरा बरा आहे म्हणते. वेसलिंकांनी तिला कळवले की संडासातल्या कॅलेंडरवर नोव्हेंबरच्या पानावर त्यांनी क्रूस काढला. त्याहून जास्त काही लिहिले नाही. पुढच्या मेमध्ये दोन्ही खोल्या रिकाम्या असतील, एवढे मात्र खाली होते.

ती रविवारी फोन करते. मागच्या रविवारी हवा, जेवण, ओंकारची नवी थट्टा एवढे बोलून झाल्यावर तिने विचारले, "दिवाळीला येऊ का?"

"ये," मी म्हणाले.

फोनवर तिच्या मागे कुठेतरी सायकलची घंटी वाजली. मग तिने पुन्हा विचारले, "खरंच येऊ?"